पाणी कुठे मुरतंय

डंडीतले रस्ते रात्री दोनला कसे दिसतात
ते माझ्या बापाला ठाऊक होतं.
मर्डो गिलख्रिस्ट, पाणीपुरवठा खात्यातला इंजिनिअर.
हातात बीचच्या लाकडाची कमरेइतकी काठी,
एका टोकाला वाटीएवढा खळगा, कानाला लावायला.
दुसरं टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायचं
आणि श्वास धरून उभं राहायचं.

शहर झोपलं की नळ बंद होतात, तो सांगायचा.
त्यानंतर जे वाहतं
ते चुकीचं वाहतं.

मी सात वर्षांचा, पायजम्यावर त्याचा जुना कोट.
आई म्हणायची, पोराला न्यूमोनिया करशील, मर्डो.
तो म्हणायचा, एकदा ऐकू दे त्याला.
ऐकलं मी.
लोखंडाच्या आत, फार लांब,
कुणीतरी सारखं श्शू, श्शू करत होतं.
कुणाला गप्प करतंय ते, मी विचारलं.
तो हसला नाही. टॉर्चच्या उजेडात वहीत लिहिलं:
मॅग्डालेन यार्ड रोड. गळती पक्की. मुलाने शोधली.

कांजिण्यांच्या तापात मी बरळत होतो
तेव्हा तीच काठी त्याने माझ्या छातीवर ठेवली.
सकाळी डॉक्टर आले तर वहीत नोंदी तयार:
दोन दहा. तीन चाळीस. पाच पाच.
प्रवाह नियमित.
पोर म्हणजे काय पाइप आहे, आई कडाडली.
पण ती वही
तिच्या मागे तिच्याच कपाटात सापडली,
हातमोज्यांच्या खाली.

गोड बोललेला आठवत नाही मला तो.
बल्बच्या पितळी बुडावर पेन्सिलीने तारीख घालायचा.
किटलीच्या तळाला, माझ्या बुटांना,
कॅट्रिओनाच्या सायकलच्या सीटखाली.
कोण किती दिवस साथ देतं
हे त्याला लेखी हवं असायचं.

निवृत्तीला खात्याने घड्याळ दिलं.
दीड महिन्यात ते मागे पडू लागलं.
त्याने उघडलं, नीट केलं,
देणाऱ्यांना कळू दिलं नाही.
काठी परत मागायला कुणी आलं नाही,
म्हणून रात्री तो जातच राहिला.
एकदा पोलिसांनी घरी आणून सोडला:
हे आजोबा पर्थ रोडवर रस्त्याशी बोलत होते.
बोलत नव्हतो, तो म्हणाला, ऐकत होतो.

मग ते त्याच्या कानातच सुरू झालं.
अखंड श्शू. डॉक्टरांकडे त्याला नाव होतं, औषध नव्हतं.
घरात कुठेतरी पाणी मुरतंय, तो म्हणायचा.
ब्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांवर बसून
स्वयंपाकघरातल्या फळ्या उपटल्या त्याने.
खाली कोरडं ठणठणीत.
मी ग्लासगोहून फोनवर ओरडलो,
बाबा, काही नाहीये तिथे!
बरं, तो म्हणाला.
माझ्याशी त्यानंतर तो एकदाच बोलला, हवामानाबद्दल.

दफनाला खात्यातली एक मुलगी आली, इफेओमा,
ड्यूटीवरून थेट, पिवळ्या जाकिटात.
आता आम्ही पाइपला मायक्रोफोन लावतो, ती म्हणाली,
ऑफिसात बसून ऐकतो.
पण तुमच्या वडलांनी पत्र पाठवलं होतं,
ब्लॅकनेस अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर खणा म्हणून.
मशीन नाही म्हणत होतं. तरी खणलं आम्ही.
मग?
काही नव्हतं.
पाऊस तिच्या टोपीवरून माझ्या बाहीवर गळत होता.
पत्र ठेवलंय मी, ती म्हणाली.
इतक्या सुंदर अक्षरात
आता कुणी चुकत नाही.

घर विकायला काढलंय.
फळ्या मीच पुन्हा बसवल्या, दोन खिळे वाकडे गेले.
काठी कॅट्रिओनाने नेली, टोमॅटोच्या वेलाला आधार देते म्हणाली,
आणि मला ते चाललं.
जिन्यातला बल्ब अजून लागतो.
काल रात्री तारीख बघावी म्हणून हात घातला,
बोटं पोळली.
राहू दे.
गेला की वाचीन.